हलका केलेला चाप

"भरलेलं नाही," जनेलने रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं. "तरी बघून घ्या."

ऑर्व्हिलने चक्र बाहेर काढलं, सहाही घरांतून पलीकडचा उजेड पाहिला आणि मान हलवली.

"बस ना. कॉफी घेशील?"

"नको. बाबा म्हणायचे, तुमच्या कॉफीतून कपाचा तळ दिसतो."

"चाळीस वर्षं तीच ढोसली ड्वेनने. तीही फुकटात."

ती हसली नाही. लहानपणी ती त्याला ऑर्व्हकाका म्हणायची. आज त्याच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात शिरताना मात्र "मिस्टर कुचेरा" म्हणाली होती.

"एप्रिलच्या नेमबाजीच्या स्पर्धेत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. शेवटच्या फेरीत सहापैकी चार बार उडाले नाहीत. चक्र फिरून तेच काडतूस पुन्हा घोड्याखाली आलं की उडायचं, पण तोवर वेळ संपली. क्लबात अजून म्हणतात, ड्वेनच्या बोटात दम उरला नव्हता, त्याने चाप अर्धाच ओढला. बाबा म्हणायचे, ऑर्व्हिलने चाप बिघडवला." तिने हातमोजे काढून खिशात कोंबले. "मला खरं काय ते हवंय. चूक तुमची असेल तर क्लबात येऊन सगळ्यांसमोर सांगा."

"आणि नसेल तर?"

"तर बाबा खोटं बोलले. आणि ते कधीच खोटं बोलले नाहीत."

ऑर्व्हिलने चष्मा चढवला आणि मुठीच्या लाकडी पट्ट्या काढल्या.

"चाप हलका त्यानेच करून मागितला होता," तो म्हणाला. "औषधांनी बोटांतली ताकद गेली होती त्याची. चाप हलका करायचा म्हणजे घोड्याची स्प्रिंग सैल करायची. जास्त सैल झाली, तर घोडा काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर पडतो खरा, पण ठोका नीट बसत नाही." त्याने पेचकस उचलला, मुठीतला बारीक स्क्रू चाचपला, जरासा फिरवला आणि पट्ट्या परत बसवल्या. "चल, मागे जाऊन बघू."

"काडतुसं मी आणलीत. त्याच खेपेतली." तिने पिशवीतून प्लास्टिकचा डबा काढला. झाकणावर ड्वेनच्या अक्षरात तारीख होती.

"ती नकोत. दुकानातली नवी घेऊ. एका वेळी एकच गोष्ट तपासायची."

"यांच्यात दोष असेल का?"

"काडतुसांना काय धाड भरलीय? ड्वेनची काडतुसं आहेत ती."

"हात माझे होते," ती म्हणाली. "त्या हिवाळ्यात घरी काडतुसं भरायच्या यंत्राचा दांडा त्यांना दाबवत नव्हता. दुपारी तळघरात मी दांडा दाबायचे आणि ते शेजारी घोंगडी पांघरून बसायचे. म्हणायचे, 'जनेल, तू माझ्यापेक्षा बरी भरतेस.' आई गेल्यावर तिच्याबद्दल पहिल्यांदा बोलले ते तिथेच." तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "बाकी आमचं फारसं कधी जमलं नाही. माझ्यापाशी तेवढ्या दुपारीच आहेत."

ऑर्व्हिलने डबा हळूच तिच्याकडे सरकवला. "मग ती उडवू नकोस. ठेव जपून."

"आता नाही उडवणार."

दुकानामागे मातीचा उंच बांध होता आणि त्यापलीकडे कापणी झालेला मका. दोघांनी कान झाकले. दोन बार उडाले. तिसऱ्याला नुसता खट्ट आवाज आला. बार उशिरा उडू शकतो म्हणून ऑर्व्हिल नळी बांधाकडे रोखून अर्धा मिनिट तसाच उभा राहिला. चौथा उडाला. पाचवा पुन्हा खट्ट.

त्याने दोन्ही फुसकी काडतुसं तळहातावर घेऊन तिला दाखवली. टोप्यांवर उथळ, पुसट खळगे होते.

"स्प्रिंग सैल आहे," तो म्हणाला. "माझंच चुकलं."

वारा मक्याच्या खुंटांमधून खरखरत गेला.

"एवढंच?" जनेल म्हणाली.

"एवढंच."

"हे एप्रिलमध्ये सांगता आलं नसतं? ते जिवंत होते तेव्हा?"

आत जाऊन त्याने स्क्रू आवळला, परत येऊन सहा बार उडवले. सहाही उडाले. रिव्हॉल्व्हर रिकामं करून, पुसून त्याने तिच्या हाती दिलं.

"मंगळवारी क्लबात येतो," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर सांगतो."

"सांगाच."

गाडीचं दार उघडून ती थांबली. "शेवटचे चार महिने त्यांनी तुमचं नाव घेऊ दिलं नाही. जेवताना मात्र खिडकीतून रस्त्याकडे बघत बसायचे. दफनाला सगळं गाव होतं. नंतर चर्चच्या तळघरात जेवायला बसायला जागा नव्हती. फक्त तुम्ही नव्हता."

"नव्हतो."

"का?"

"लाज वाटली."

"वाटायलाच हवी," जनेल म्हणाली, आणि गाडी सुरू केली.

धूळ खाली बसेपर्यंत ऑर्व्हिल दारात उभा होता. मग आत येऊन टेबलाशी बसला. मघाशी तिच्यासमोर स्क्रू सैल केला तो पेचकस अजून तिथेच होता.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ड्वेन इथेच, त्याच्यासमोर बसला होता. उरलेल्या काडतुसांच्या बुडांवरून अंगठा फिरवत. टोप्या केसभर वर राहिल्या होत्या. यंत्राचा दांडा तळापर्यंत दाबला गेलाच नव्हता. पहिला ठोका टोपी आत बसवण्यातच खर्ची पडत होता.

"तुझा चाप बरोबर आहे," ड्वेन म्हणाला होता. "पण बिघडवलास तूच. मी गावभर तसंच सांगणार. आजपासून तुझं-माझं बोलणं बंद."

ऑर्व्हिलने होकारार्थी मान हलवली होती.

दारापर्यंत जाऊन ड्वेन वळला. "आणि ऑर्व्ह, मला पुरतील तेव्हा येऊ नकोस. तुला रडताना बघितलं, तर पोरीला कळेल."