तुटक्या कानाचं मांजर

"चोर आहात तुम्ही!" शेजारच्या टेबलावर हात आपटत निषाद ओरडला. गेमच्या त्या प्रदर्शनात तिथे बसलेल्या तरुणीच्या पडद्यावर चक्क त्याच्याच गेममधलं मांजर उड्या मारत होतं. तेच पिवळं, तुटक्या कानाचं.

माणसं जमली तसा त्याला आणखी चेव आला. "हा कान मी स्वतः काढलाय. वर्षभर खपलोय या मांजरापायी. आजच्या आज गेम बंद करा तुमचा!"

खरं तर मांजर त्याने एका साइटवरून फुकट उतरवून घेतलं होतं. हिनेही तिथूनच उचललं असणार. पण बाजारात ज्याने आधी आणलं त्याचं मांजर, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

तिने मोबाइल त्याच्यासमोर धरला. फोटोत तिच्या मांडीवर अर्ध्या कानाचं पिवळं मांजर झोपलं होतं आणि समोरच्या कागदावर त्याचंच अर्धवट चित्र होतं.

"ही आमची शेवंती. कान कुत्र्याने तोडला. चित्र मी काढलं आणि कोणीही वापरावं म्हणून साइटवर फुकट ठेवलं. तुमचा गेम खुशाल विका." तिने गर्दीकडे बोट दाखवलं. "फक्त मगाशी चोर कोणाला म्हणालात, ते यांना परत एकदा सांगा."