ओरखड्यावरची उडी

तिसरी चादरही लाँड्रीच्या इस्त्री-रोलरमधून चुणी घेऊन बाहेर आली.

मुकादमानं ती उचलून रोलरवरच्या तरुण बाईच्या डोळ्यांसमोर धरली. "इस्पितळाची चादर आहे ही. अशा पाठवल्या तर गाडी भरून परत येतील." मग आवाज खाली आणून म्हणाला, "जेवणाच्या सुट्टीपर्यंत बघतो. नाही जमलं तर सोमवारपासून टॉवेलांच्या घड्या. वाईट वाटून घेऊ नकोस, बाळंतपणानंतर होतं असं."

सहा वर्षं ती रोलरवर होती. तिच्या हातची चादर म्हणजे कोरा कागद, असं हाच मुकादम नव्या मुलींना सांगायचा.

रोलरवर दोघींनी शेजारी उभं राहायचं, चादरीचं एकेक टोक धरायचं, उचलायचं, झटकायचं आणि एकाच क्षणी आत सोडायचं. जोडीला असलेल्या मावशींचा हात वेळेवर सुटत होता, तिचा मागं राहत होता. नखभरच, पण रोलरला नखभर पुरतं.

"पोरी, लक्ष कुठंय तुझं?"

"इथंच आहे हो. हातच ऐकत नाहीत."

"मग त्यांना काहीतरी ऐकव."

गेले सात महिने ती स्वतः ऐकत होती ते एकच. बाळ झोपलं की भिंतीकडे तोंड करून पडायची. आईचा फोनसुद्धा घेववत नसे. फक्त कॉलेजातल्या दिवसांपासूनचा आपला बँड लावायची. तीन भसाडे गळे, एक ढेरपोट्या ड्रमवाला आणि ती जुनी सीडी. त्या चौघांनी तिला काही विचारलं नाही. 'सावर आता स्वतःला' म्हणाले नाहीत. नुसते बेंबीच्या देठापासून ओरडत राहिले, तिच्या वाटचंही.

ती गुणगुणायला लागली. "दार उघडा, आम्ही आलो..."

"अगं बाई, हे तर आमच्या नातीचं! डोकं उठवते दिवसभर," म्हणत मावशींनीही गळा काढला. "आलोऽऽऽ" त्यांनी चांगलं लांबवलं, आणि हातही तिथंच थांबला. ती पुढं निघून गेली होती. चादर वाकडी आत शिरली.

चौथी.

"तान कुठं गेली गं?"

"माझ्या सीडीवर नाहीये ती. ओरखडा आहे तिथं. 'आलो' म्हटलं की थेट 'उठा रे उठा'."

"म्हणजे चुकीचंच पाठ केलंस की!"

"चुकीचंच म्हणा ना, मावशी. माझ्यासाठी."

मावशींनी मुकादमाच्या केबिनकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. चादरीचं टोक पकडलं. "म्हण."

दार उघडा, उचल. आम्ही आलो, झटक. आणि श्वासही न घेता, उडी मारून, उठा रे उठा, सोड!

चादर बाहेर आली. दोघींनी वाकून पाहिलं. एक चुणी नाही. पुढची तशीच. त्याच्या पुढचीही. तान गेल्यामुळे हात रेंगाळायला जागाच उरली नव्हती.

दहाव्या चादरीला शेजारच्या रोलरवरच्या दोघींनी सूर धरला, तोही ओरखड्यासकट. टॉवेलवाल्यांच्या टेबलावर थापा पडायला लागल्या. वाफेच्या फुसफुसाटावर चढायचं म्हणून ती आता गळा फाटेस्तोवर ओरडत होती, घामानं निथळत, हसत. एवढा मोठा आवाज आपल्याकडं आहे, हे तिलाच विसरायला झालं होतं.

मुकादम धावत बाहेर आला. "काय चाललंय काय?"

कुणी थांबेना. त्यानं वरची चादर उचलली, उजेडात धरली, उलटी करून पाहिली. खालची काढली. मग तिच्या खालची. गठ्ठा त्याच्या कमरेला लागला होता.

त्यानं घसा खाकरला. "सोमवारी... इथंच उभी राहशील ना गं?"

मावशींनी कोपरानं तिला ढोसलं. पण तिला उत्तर द्यायला सवड नव्हती. तिची ओळ आली होती.