सत्तर लिटरची जागा

प्रवाळाच्या टाकीखाली पाणी गाळायचा सम्प बसवताना मी त्यात थोडी जागा रिकामी सोडतो. पंप बंद पडला की वरचं थोडं पाणी खाली उतरतं. ते फरशीवर सांडू नये म्हणून. इथे इंडोनेशियात, मकासरमध्ये वीज जातेच.

ह्या टाकीच्या मालकीण इबू नुरसियांनी मात्र आणखी सत्तर लिटरची जागा मागितली.

"एवढी कशाला, इबू?"

"ठेवा हो, डाएंग. तुमचं काय जातंय?"

त्यांचा नवरा प्रवाळ काढायला समुद्रात गेला, तो परतलाच नाही. मी वाद घातला नाही. माझ्याही घरी दोन वर्षं एकाचाच भात शिजतो.

आज काम संपवून चाचणीसाठी पंप बंद केला. पाणी उतरलं, सम्पवर मी केलेल्या खुणेपाशी थांबलं.

"झालं बघा."

"थांबा जरा," कॉफी ओतत त्या म्हणाल्या.

नळीतून पुन्हा पाणी येऊ लागलं. भरल्या हौदात कुणी उतरल्यावर सांडावं, तसं. वरची टाकी होती तेवढीच भरलेली. आत दगड आणि प्रवाळ, दुसरं काही नाही. खाली पाणी सत्तर लिटर चढून बरोबर इबूंच्या खुणेला टेकलं.

"ह्यांचं वजन सत्तर किलोच होतं," त्यांनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

मी हत्यारं गोळा करू लागलो. तेवढ्यात नळी पुन्हा वाहू लागली. सम्प भरून पाणी माझ्या पायांशी आलं.

इबूंनी कॉफीचा आणखी एक पेला मांडला.

"आज दोघं आलेत, डाएंग. तुमचा भाऊ ह्यांच्याच होडीवर होता ना?"