पाळीवरचं वळण

गाडी पुन्हा त्याच वळणावर बंद पडली.

सरफराज धानशेताच्या बांध्यांमधून धावत तलावाच्या पाळीवर, त्या उंच मातीच्या बांधावर पोचला. निकेश हेल्मेट काढून, स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसला होता.

"आता काय झालं बे?"

"मले काऊन विचारतं? तुयी गाडी. चालता चालता मेली."

सरफराजने हात घालून स्टार्टर दाबला. गाडी लगेच सुरू झाली, जसं काही झालंच नव्हतं.

ही गाडी त्याने आरमोरीत, वडिलांच्या वेल्डिंगच्या दुकानामागे स्वतःच्या हाताने बांधली होती. जुन्या मारुतीचं इंजिन, पाइपांचा सांगाडा, भंगारातली सीट. लोक तिला खाट म्हणत. खाट असो की पाळणा, सपाटीवर ती सुसाट पळायची. फक्त पाळीवर चढून डावीकडे वळली की गप्प.

रविवारी धान कापलेल्या बांध्यांमधून शर्यत होती. गावोगावच्या पोरांनी बांधलेल्या गाड्या येणार होत्या. सरफराजचे वडील इब्राहीमभाई यांनी एकच अट घातली होती. "शर्यत पुरी केली तर खुशाल गाड्या बांध. नाई केली तर हिले कापून भंगारात, अन तू मामूच्या कापडदुकानात. फिर मत बोलना."

सरफराजने कबूल केलं होतं. तेव्हा त्याची छाती गजभर फुगलेली होती. आता त्याच गजाने आयुष्यभर कापड मोजायची वेळ येणार होती.

वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला पळत असेल, म्हणून त्याने टाकी कापून आत आडवे पत्रे जोडले. गाडी बंद पडली. कार्बोरेटर खोलून धुतला. बंद पडली. कॉइल बदलली, वायरिंग नवी टाकली. तरी पडलीच. त्यातही पेट्रोल तुटल्यावर गाडी आधी धक्के देते. ही एकदम मरत होती. दुखणं म्हशीला आणि डाग पखालीला, असा सगळा प्रकार चालला होता.

गावाला मात्र दुखणं कधीच सापडलं होतं. गेल्या पावसाळ्यात त्याच वळणावरून ट्रॅक्टर तलावात गेला होता, आणि मडगार्डवर बसलेला गावातला मुखरू बुडाला होता.

"जागाच खराब हाय बापा," चहावाली इंदुताई म्हणाली. "एक कोंबडं दे अन मोकळा हो."

"इंदुताई, कोंबड्यानं कार्बोरेटर साफ होत नाई."

असं तो म्हणाला खरा, पण शुक्रवारी संध्याकाळी त्याने बाजारात कोंबड्याचा भाव विचारला. माणूस घायकुतीला आला की असाच वागतो.

शनिवारी निकेश यायच्या आधी तो स्वतःच गाडीत बसला. त्याला गाडी बांधता येत होती, पळवता येत नव्हती; शर्यतीत ती निकेशच चालवणार होता. बैलगाडीच्या चालीने तो पाळीवर चढला आणि वळला. परत फिरून पुन्हा वळला. मग जरा वेगाने. मग डोळे घट्ट मिटावेसे वाटले इतक्या वेगाने.

निकेश आला तेव्हा तो पाळीवर बसून होता.

"मी चालवली. बंद नाई पडली."

निकेशने गाडीकडे पाहिलं नाही, पाण्याकडे पाहिलं. "तू हळू चालवली असन."

"हो. हळूच चालवली. निकेश, उद्या तू शर्यतीत नाई गेला तर?"

"शर्यतीच्या बॅनरवर माया फोटो लागला. माय गावभर सांगून राह्यली. मीच मागं हटलो तर तोंड कुठी दाखवू? गाडी बंद पडली तर गोष्ट वेगळी. गाडीले कोण काय म्हणन?"

लहानपणापासून दोघे एकाच सायकलवर शाळेत गेले होते. सरफराजने उठून मित्राच्या खांद्यावर हात ठेवला; निकेशची नजर अजून पाण्यावरच होती.

रविवारी उजाडायच्या आत सरफराज गाडीखाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याचे हात काळे आणि डोळे लाल होते. त्याला खूप रडू आलं होतं, आणि ते कोणी पाहिलं नव्हतं.

ऊन चढलं तशी गर्दी जमली. इब्राहीमभाई घरून खुर्ची घेऊन आले आणि अगदी पुढे बसले.

"सापडली का खराबी?" त्यांनी विचारलं.

"सापडली, अब्बा."

गाड्या रेषेवर लागल्या. निकेशने त्याला खुणेने जवळ बोलावलं.

"ऐक. गाडीत काईच खराबी नव्हती. इंजिनचा स्विच मीच बंद करत होतो. तो ट्रॅक्टर माया हातात होता ना रे. वळण आलं का मले मुखरू दिसते, अन हात आपोआप स्विचवर जाते."

"मालूम हाय मले," सरफराज म्हणाला.

निकेश दचकला. मग हसला. किती तरी दिवसांनी हसला. "काल राती इब्राहीमचाचानं मले कापडदुकानाचं सांगितलं. तू एक शब्द बोलला नाई बे! आता पाह्य." त्याने डॅशबोर्डकडे बोट केलं. स्विचच्या जागी नुसतं भोक होतं, आत वायरी पिळून थेट जोडलेल्या. "मघाशी उपटून तलावात फेकला. आता बंद कराचं म्हटलं तरी होत नाई. भेव लागन तर लागन. तुयी गाडी आज पुरी जाईन."

"निकेश, उतर. ऐक मायं, उतर खाली..."

झेंडा पडला. दहा इंजिनं एकदम गरजली, आणि पाइपांची ती खाट सगळ्यांच्या पुढे निघाली. इब्राहीमभाई खुर्ची सोडून उभे राहिले आणि पोरासारखे टाळ्या पिटू लागले. सरफराज पाळीच्या दिशेने हात हलवत, ओरडत धावत सुटला. त्याच्या मागे, ताडपत्रीखाली झाकलेल्या डब्यात, गाडी वळणाआधीच जाम होऊन थांबावी म्हणून पहाटे त्याने तिच्यातून काढलेलं इंजिन ऑइल काठोकाठ भरलेलं होतं.