टोपलीतले मेल

"कॉम्प्युटर बंद केल्यावर पुन्हा चालू केला होता का, सर?"

"नाही. प्लगच काढला." रवींद्रसरांनी प्लग नुसता काढला नव्हता. चुकून कोणी लावू नये म्हणून चार दिवस त्याच्यावर जाडजूड शब्दकोश ठेवला होता.

"बेस केलं," पूजा म्हणाली आणि शब्दकोश दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला.

ती पांढुर्ण्याहून सकाळच्या बसनं आली होती. केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, खांद्यावर पिशवी. सौसरच्या शाळेत तीस वर्षं ग्रंथपाल राहिलेले सर दुरुस्तीला कोणी बाप्या माणूस येईल असं धरून बसले होते. मुलगी पाहून ते आधीच गोंधळले होते. तिचं दुकान नवंच होतं म्हणे. नंबर सरांच्या बायकोनं, प्रेमलताबाईंनी दिला होता, साखरेच्या डब्याखालची चिठ्ठी काढून.

घोळही त्यांनीच घातला होता. एरवी कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध फडक्यापुरता. यंदा दिवाळीची सफाई करताना मेलमधली कचऱ्याची टोपली भरलेली दिसली, ती त्यांनी रिकामी करून टाकली. वर म्हणाल्या, "लक्ष्मी येते त्या घरात कचरा ठेवते का कोणी?"

"पेन्शनचे कागद होते त्यात," सर पुटपुटले होते.

"पेन्शनचे कागद अन् कचऱ्यात? तुमचंही एकेक असते!"

पेन्शनचे नव्हते. पंकजचे होते.

सहा वर्षांपूर्वी पंकजनं लग्न ठरवलं तेव्हा, मुलगी आपल्यातली नाही म्हणून भाऊबंद घरी येऊन बसले. सरांना स्वतःला काही म्हणायचं नव्हतं. पण दहा जणांसमोर थोरल्या भावानं विचारलं, "तुझं काय?" आणि जन्मात कोणावर आवाज न चढवलेला माणूस बोलून गेला, "त्या दोघांचं नाव या घरात नको." तिचं नाव तर त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. लग्न नागपूरला झालं. त्या दिवशी प्रेमलताबाई नवी जांभळी साडी नेसून रामाकोन्याला बहिणीच्या वास्तुशांतीला म्हणून गेल्या, आणि सर घरात एकटेच पुस्तकं झाडत बसले.

मग पंकजचे मेल येऊ लागले. सर ते उघडत नसत. दिलेला शब्द होता. पण पुसूनही टाकत नसत. एकेक टोपलीत ढकलून तसाच ठेवत, आणि रोज एकदा तिथला आकडा पाहून घेत. एकोणपन्नास. उन्हाळ्यापासून तो वाढला नव्हता. पोरगा थकला, असं त्यांना वाटू लागलं होतं, आणि त्यातच टोपली रिकामी झाली.

"सर, टोपलीत काऊन ठेवले होते?"

"फेकवत नव्हतं, बाई. अन् उघडायची हिंमत होत नव्हती."

पूजा पडद्याकडेच पाहत राहिली. "कोणाचे आहेत?"

सरांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत खलबत्ता चालू होता.

"मुलाचे," ते हळूच म्हणाले. सहा वर्षांत हा शब्द पहिल्यांदाच तोंडातून निघाला होता.

"मंग तर सापडलेच पाहिजे." तिनं पिशवीतून एक छोटी डबी काढून कॉम्प्युटरला जोडली. "तुमचे मेल या कॉम्प्युटरातच उतरते, सर. अन् कॉम्प्युटर एकदम काही मिटवत नाही. यादीतून फक्त नाव काढते. माल जागेवरच राहते, त्याच्यावर दुसरं काही लिहीपर्यंत."

"म्हणजे कार्ड काढलं, पण पुस्तक कपाटातच."

"बस, तसंच. तुम्ही प्लग काढला म्हणून आस आहे."

पाऊण तास गेला. प्रेमलताबाई चहा घेऊन आल्या. पूजाच्या कपात कोरा चहा होता. या घरात कोरा चहा कोणी पीत नसे. दूध संपलं असेल, असं वाटून सर पाहुणीसमोर ओशाळले.

"मिळाले का पेन्शनचे कागद?"

"मिळून राहिले, काकू," पूजा मान खाली घालून म्हणाली.

बाई आत गेल्या. पडद्यावर आकडा चढत होता. सतरा. तीस. एक्केचाळीसवर येऊन थांबला.

"आठ गेले, सर. ते नाही येत आता."

"त्यांत काय असेल?" सरांनी विचारलं.

"ते त्यालेच विचारा नं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तो बोलेल का माझ्याशी?"

"एकोणपन्नास वेळा बोलला नं तो, सर. तुम्हीच ऐकलं नाही." मग जरा नरमून ती उठली. "सगळ्यात जुना वर आहे. तुम्ही वाचा निवांत. मी काकूपाशी बसते."

"तुमचे पैसे..."

"आधी वाचा तर."

सर खुर्ची ओढून बसले. स्वयंपाकघरातला खलबत्ता थांबला होता. दोघी कशाला तरी हसत होत्या.

त्यांनी पहिला मेल उघडला. एकच ओळ होती. 'बाबा, पहिल्या रांगेत तुमची खुर्ची रिकामी ठेवली होती.' खाली एक फोटो जोडलेला.

सरांनी श्वास घेतला आणि फोटोवर टिचकी मारली.

पंकज पांढऱ्या सदऱ्यात होता, वाळलेला, हसरा. त्याच्या शेजारी पांढऱ्या साडीत, गळ्यात हार घालून, पूजा उभी होती. आणि दोघांच्या मागे, नव्या जांभळ्या साडीत, एकेका डोक्यावर एकेक हात ठेवून, प्रेमलताबाई.