कच्चं धुणं

"मुळाचा एक तुकडा आणि फांदीचं एक पेर. बास," मुलगी म्हणाली. "झाडाला कळणारसुद्धा नाही."

प्रयोगशाळेच्या टेबलावर जागा केलेली होती, पण वडिलांच्या हातून कुंडी काही सुटेना. बसमध्ये मांडीवर घेऊन आणलेलं मिरचीचं झाड. शेजारपाजारच्या कुंड्यांत मर लागली, एकेक करत सगळ्या झाडांनी माना टाकल्या. हे मात्र ढिम्म उभं. लावणारी, म्हणजे मुलीची आई, उन्हाळ्यात गेली. झाडाच्या आधाराला तिनं काठीशी बांधलेली चिंधी अजून तशीच होती, तिनं मारलेल्या गाठीसकट.

मुलीनं गाठीला धक्का न लावता पेर कापलं.

"यात शोधणार काय तू?"

"जिवाणू. चांगले. मातीतून येतात, मुळांच्या बारीक फटींतून आत शिरतात आणि आतच बिऱ्हाड थाटतात. तेच मर लागू देत नसावेत. सापडले तर दुसऱ्या रोपांनाही देता येतील."

"माती तिनंच कालवली होती. हातानं. खुरपं म्हणून कधी घेतलं नाही बाईनं."

मुलीनं कुंडीतली माती जराशी उकरून मुळाचा तुकडाही कापून घेतला. आईच्या नखांतली माती कितीही धुतली तरी जायची नाही. त्या हातांनी एकदा, फक्त एकदा, वेणी घालून मिळाली असती तर तिनं काहीही दिलं असतं.

तिनं तुकडे नळाखाली धुतले, स्पिरिटमध्ये बुडवले, मग ब्लीचच्या पाण्यात सोडले. तो वास येताच वडिलांनी मान वर केली. त्यांची जन्मभर लाँड्री होती. याच वासावर घर चाललं होतं.

"एवढं जालीम कशाला?"

"बाहेरचं सगळं मेलं पाहिजे, बाबा. आतलं तेवढंच उरायला हवं."

"तिचा हात लागलेलं पण?"

"सगळंच."

स्वच्छ पाणी बदलत बदलत तिनं तुकडे खळबळून काढले. शेवटच्या पाण्याचे दोन थेंब जिवाणूंचं खाद्य ओतलेल्या वेगळ्या काचेच्या बशीत पसरले आणि वर झाकण ठेवलं.

"आता हे काय?"

"खात्री. या बशीत काही उगवलं, तर बाहेरचं काहीतरी जिवंत राहिलं. म्हणजे तुमच्या भाषेत, धुणं कच्चं. मग सगळं पहिल्यापासून."

वडील बशीकडे बघत राहिले. गिऱ्हाइकाच्या कॉलरवरचा डाग त्यांनी कधी सोडला नव्हता. कच्च्या धुण्यावरून कामगारांची सालटी काढली होती. त्यांनी कुंडी पुन्हा पोटाशी घेतली. अंगठा चिंधीच्या गाठीवर गेला.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "थोडं कच्चं राहू दे ना."