सागवानी नमुना

भिवा सुताराच्या यंत्राचा जंगलनाक्यावर भुगा झाला. पण ते सोडा; तसं अजून काही झालंच नाही, असं धरून चालू.

साल १८८९. चांद्याकडच्या लाकूडगिरणीत करवतीने बारा जणांची बोटं खाल्ली होती. हात जवळ आला की करवत थांबेल, असं यंत्र भिवाने शोधलं. पेटंटसाठी त्याचा सागवानी नमुना महिनाअखेरीस कलकत्त्याला पोहोचला नाही, तर गिरणीचा साहेब ते स्वतःच्या नावावर करणार होता.

नाक्यावरच्या कारकुनाने शिक्क्याचा हातोडा उचलला. "सागवान ना? जंगलाबाहेर न्यायचं तर तुकड्यातुकड्यावर सरकारी शिक्का लागतो."

"रावसाहेब, तुकडे बोटाएवढे आहेत. हातोडा मुठीएवढा."

"कायद्यात जाडी लिहिलेली नाही," म्हणत कारकुनाने चव्वेचाळीस तुकड्यांवर चव्वेचाळीस घाव घातले. एकच शिक्का नीट उमटला, तोही टेबलावर.

भिवाने नाक्यासमोरच बसून दुसरा नमुना तासायला घेतला आणि कारकुनाचीच दौत मागून अर्ज लिहिला: "सबब मेहेरबान सरकारास विनंती की, दुसरा नमुना तयार होईपर्यंत हा नाका कलकत्त्याच्या पलीकडे हलवण्याची तजवीज व्हावी."